विमानातून सीमा दिसत नाही: फाळणी, आठवण आणि आपल्या कथा-कादंबऱ्या

ढाक्याला निघालेली एक बंगाली आजी मुलाला विचारते, विमानातून सीमा दिसेल का रे? मुलगा हसतो. शाळेच्या नकाशात असते तशी लांबलचक काळी रेघ, अलीकडे हिरवा रंग आणि पलीकडे लाल, असं वाटलं की काय तुला? आजीला राग येतो. रेघ नसेल, पण खंदक असतील, सैनिक असतील, एकमेकांवर रोखलेल्या बंदुका असतील. तेही नसेल तर माणसांना कळायचं कसं? आणि मधे काहीच नसेल, तर फाळणी झाली कशासाठी, एवढी माणसं मेली कशासाठी?

अमिताव घोष यांच्या ‘द शॅडो लाइन्स’ (१९८८) या कादंबरीतला हा प्रसंग. आजीचं माहेर ढाक्याचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती ब्रह्मदेशात गेली, वैधव्य आल्यावर कलकत्त्यात शिक्षिका झाली, आणि मधल्या काळात तिचं माहेर परदेशात जाऊन पडलं. मुलगा तिला समजावतो की हल्ली सीमा विमानतळाच्या आतच असते, फॉर्म भरताना दिसेल तुला. तिथे जन्मस्थळाचा रकाना असतो हे लक्षात आल्यावर आजी गोंधळते. जन्म ढाक्याचा आणि नागरिकत्व भारताचं. आयुष्यभर नीटनेटकेपणानं जगलेल्या बाईला आपलं जन्मस्थळ आणि आपला देश यांचा मेळ लागत नाही.

सीमा, आठवण आणि ‘आपण कोण’ हा प्रश्न, या तिन्हींची गाठ या एका प्रसंगात आहे. समीक्षेत या विषयावर ढीगभर लिहिलं गेलंय, त्यातलं बरंच वाचवत नाही इतकं जड आहे. मुद्दा मात्र अवघड नाही, आणि तो आपल्या घराजवळचाही आहे.

अशा लेखनाला समीक्षक ‘वसाहतोत्तर’ म्हणतात, म्हणून आधी तो शब्द. १५ ऑगस्ट १९४७ नंतर लिहिलेलं ते सगळं वसाहतोत्तर, असा त्याचा अर्थ घेतला तर हाती काही लागत नाही. इंग्रज गेले, पण त्यांनी आखलेले नकाशे राहिले, जनगणनेचे रकाने राहिले, कायदे राहिले, इंग्रजी राहिली. मागे राहिलेल्या या गोष्टींनी माणसांचं काय केलं, हा प्रश्न जे लेखन विचारतं ते वसाहतोत्तर. सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’ (१९८१) मध्ये याचं नेमकं चित्र आहे. मुंबई सोडून निघालेला मेथवोल्ड नावाचा इंग्रज आपले बंगले भारतीयांना स्वस्तात विकतो. अट अशी की घरातली एकही वस्तू हलवायची नाही आणि ताबा १५ ऑगस्टच्या मध्यरात्री मिळेल. तोवर नवे मालक त्याच्या पडद्यांत, त्याच्या चित्रांत, त्याच्या पक्ष्यांसोबत राहतात. हळूहळू संध्याकाळी सहाला मद्याचे पेले हातात घेऊ लागतात, आणि मेथवोल्ड आला की त्यांचे इंग्रजी उच्चारही बदलतात. घर आपलं झालं, पण त्यात राहण्याची रीत दुसऱ्याची. ‘सांस्कृतिक ओळख’ या शब्दाभोवती जी चर्चा चालते, तिचा बराचसा भाग या एका प्रकरणात येऊन जातो.

आता सीमेकडे. पंजाब आणि बंगालची वाटणी करायला सिरिल रॅडक्लिफ नावाचे ब्रिटिश वकील ८ जुलै १९४७ ला भारतात आले. त्याआधी ते इथे कधी आले नव्हते. हाताशी होते ते नकाशे, १९४१ च्या जनगणनेचे आकडे आणि पाच आठवडे. रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य साजरं झाल्यावर दोन दिवसांनी. खुलना जिल्ह्यात हिंदू बहुसंख्य होते, म्हणून तिथे १५ तारखेला भारताचा तिरंगा चढला, आणि दोन दिवसांनी कळलं की खुलना पाकिस्तानात आहे. मुर्शिदाबादेत नेमकं उलटं झालं. दोन दिवस माणसं चुकीच्या देशाचा आनंद साजरा करत होती. त्यानंतर सव्वा-दीड कोटी लोक घरं सोडून निघाले. किती मारले गेले याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत, आणि या दोन आकड्यांमधली दरीच सांगते की नीट मोजायलाही कुणी उरलं नव्हतं.

इतिहासाचं पुस्तक इथपर्यंत आणून सोडतं. त्यापुढचं काम कथा-कादंबऱ्यांनी केलं.

सआदत हसन मंटो यांनी ते सहा-सात पानांत केलं. मंटो मुंबईचे, म्हणजे मनानं मुंबईचेच. भायखळ्याला राहिले, सिनेमासाठी लिहिलं, जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेले आणि सात वर्षांनी तिथेच वारले. त्यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेत फाळणीनंतर दोन्ही सरकारं ठरवतात की कैद्यांची अदलाबदल झाली तशी वेड्यांचीही व्हावी. (असं प्रत्यक्षातही झालं होतं.) लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशन सिंग प्रत्येकाला एकच विचारतो, माझं गाव टोबा टेक सिंग कुठे आहे, हिंदुस्थानात की पाकिस्तानात? कुणालाच धड सांगता येत नाही. एक वेडा झाडावर चढून बसतो आणि म्हणतो, मला दोन्हींकडे राहायचं नाही, मी इथेच राहणार. शेवटी सीमेवर बिशन सिंगला कळतं की गाव पाकिस्तानात आहे आणि त्याला मात्र हिंदुस्थानात ढकललं जातंय. तो दोन्ही देशांच्या तारांमधल्या, कुठलंही नाव नसलेल्या जमिनीच्या तुकड्यावर कोसळतो.

बिशन सिंगची ओळख धर्मानं ठरत नाही, देशानंही नाही. ती गावानं ठरते. आपल्याकडे अजूनही अनोळखी माणसाला आडनावानंतर पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ हाच असतो. त्या प्रश्नाचं उत्तर एका सकाळी सरकारी कागदानं बदलून टाकलं तर काय होईल, एवढंच मंटो विचारतात.

फाळणीच्या साहित्याबद्दल एक समज रूढ आहे. सीमा माणसांना तोडते, आठवण जोडते. सीमा सरकारची आणि वाईट, आठवण माणसाची आणि चांगली. मंटो वाचून हा समज पक्का होतो. पण घोष यांची आजी तो मोडते, म्हणून मला ती कादंबरी जास्त महत्त्वाची वाटते.

ढाक्यातलं तिचं माहेर म्हणजे मोठा वाडा. तिचे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे जेठामोशाय, यांचं पटेना, तेव्हा वाड्याची वाटणी झाली. वकिलांच्या घराण्यातली भावंडं, त्यामुळे वाटणी अगदी काटेकोर. भिंत दारांमधून गेली, संडासाच्या मधोमध गेली, वडिलांच्या नावाची पाटीसुद्धा दुभागली गेली. ज्यानं भाऊबंदकी पाहिली आहे, एका चुलीच्या दोन आणि दोनाच्या चार होताना पाहिल्या आहेत, त्याला हे पान वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण पुढचा तपशील बघा. भिंतीपलीकडच्या घराबद्दल आजी लहानपणी आपल्या धाकट्या बहिणीला गोष्टी रचून सांगायची. तिकडे सगळं उलटं असतं, जेवण गोडापासून सुरू होतं, तिकडची माणसं पलंगाखाली झोपतात. काही वर्षांनी त्या गोष्टी दोघींनाही जवळपास खऱ्याच वाटू लागल्या. भिंत बांधायला थोडेच दिवस लागले असतील. तिला अर्थ दिला तो पलीकडच्यांबद्दल सांगितलेल्या गोष्टींनी.

म्हणजे आठवण सीमेच्या विरोधातच उभी राहते असं नाही. ती सीमेला पाणीही घालते. हीच आजी १९६५ च्या युद्धात गळ्यातली सोन्याची साखळी, नवऱ्याची एकुलती खूण, युद्धनिधीला देऊन टाकते. ढाक्यावरचं तिचं प्रेम खोटं नसतं. तिथे तिनं जे गमावलं त्याची आठवणच तिला युद्धाकडे नेते.

तिनं गमावलेलं असं. १९६४ च्या जानेवारीत ती म्हाताऱ्या जेठामोशायांना भारतात आणायला ढाक्याला जाते. म्हातारा अंथरुणाला खिळलेला. त्याचे नातेवाईक केव्हाच निघून गेलेत, आणि खलील नावाचा मुसलमान सायकलरिक्षावाला त्याला सांभाळतोय. म्हातारा यायला तयार नाही. हा तुमचा इंडिया-बिंडिया मला माहीत नाही, तुम्ही तिकडे गेलात आणि उद्या त्यांनी आणखी एक रेघ मारली तर कुठे जाल, असं तो विचारतो. तरीही त्याला खलीलच्या रिक्षात बसवून नेतात. वाटेत जमाव गाठतो. म्हातारा, खलील आणि त्यांना वाचवायला धावलेला त्रिदीब, तिघे मारले जातात. त्रिदीब हा आजीच्या बहिणीचा मुलगा, आणि गोष्ट सांगणाऱ्या नातवाचा, म्हणजे कथानायकाचा, सगळ्यात लाडका काका.

त्या दंगलीचं मूळ ढाक्यात नव्हतंच. २७ डिसेंबर १९६३ ला श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून प्रेषितांचा पवित्र केस नाहीसा झाला. काश्मीर खोऱ्यात हिंदू, मुसलमान, शीख एकत्र रस्त्यावर उतरले, तिथे धर्मावरून कुणी कुणावर हात उचलला नाही, आणि ४ जानेवारीला तो केस सापडलाही. पण तोवर पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्यात दंगल पेटली होती. तिथून ती ढाक्याला आणि इकडे कलकत्त्याला पोहोचली. मोठा झाल्यावर कथानायक काकाचा जुना अॅटलस उघडतो, कंपासचं टोक खुलन्यावर ठेवतो, पेन्सिल श्रीनगरवर, आणि वर्तुळ काढतो. ही दोन गावं एकमेकांपासून सुमारे १९०० किलोमीटरवर आहेत. मग तो आणखी वर्तुळं काढत राहतो आणि त्याला दिसतं की कलकत्त्याहून दिल्लीपेक्षा थायलंडमधलं चियांग माई जवळ आहे, आणि श्रीनगरपेक्षा चीनमधलं चेंगडू. चियांग माईत काय घडतं याचा कलकत्त्याला पत्ताही नसतो. श्रीनगरात काही घडलं की खुलना जळतं. ज्यांनी रेषा आखली त्यांना वाटलं होतं की रेषेमुळे दोन्हीकडची माणसं वेगळी होतील, आणि नेमकं त्या रेषेनंतर ढाका आणि कलकत्ता एकमेकांत आरशासारखे अडकले. भारतीय इंग्रजी कादंबरीत भूगोलाचा इतका नेमका वापर दुसरीकडे माझ्या वाचनात आलेला नाही.

आणखी एक गोष्ट याच पुस्तकातून शिकता येते. नायक दिल्लीत मित्रांशी बोलताना १९६४ च्या दंगलीचा विषय काढतो, तर कुणालाच ती आठवत नाही. १९६२ चं चीन युद्ध सगळ्यांना आठवतं. शेवटी तो जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळतो, तेव्हा त्याला स्वतःचं बालपण खरं असल्याचा पुरावा मिळतो. युद्धांना तारखा मिळतात, स्मारकं मिळतात, धडे मिळतात. दंगलीत मेलेल्यांना आठवण्याची सोय कुणीच केलेली नसते. राष्ट्र काय लक्षात ठेवायचं ते निवडतं, आणि जे सुटतं ते सांभाळायचं काम कादंबरीकडे येतं.

सगळ्यात जास्त सुटल्या त्या बाया. फाळणीत दोन्हीकडे स्त्रिया पळवल्या गेल्या. त्यांना शोधून ‘परत’ करायला भारतात १९४९ मध्ये कायदा झाला. १ मार्च १९४७ नंतर एखादी मुसलमान बाई परधर्मीयाच्या घरात आढळली तर ती पळवलेलीच धरायची, आणि सोळा वर्षांखालचा मुलगा असला तर तोही. तिला परत जायचंय का, हे विचारण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती. देशाची सीमा बाईच्या अंगावरून आखली गेली, असं म्हणतात ते याच अर्थानं. राजिंदर सिंह बेदी यांच्या ‘लाजवंती’ कथेतला सुंदरलाल अशा स्त्रियांना घरात परत घ्या म्हणून प्रभातफेऱ्या काढतो. त्याची स्वतःची बायको परत येते तेव्हा तो तिला खरोखर सन्मानानं घेतो, देवी म्हणतो. पण ती झालेलं सांगायला लागली की थांबवतो, जाऊ दे ते सगळं. पूर्वी तो तिला मारायचा, तरी ती बायको होती. आता ती देवी आहे, आणि देवीला काही सांगायचं नसतं. बेदींनी इथे ओळखलंय की आठवण पुसण्यासाठी क्रूरपणाच लागतो असं नाही, चांगुलपणाही तेवढाच पुरतो.

मराठी वाचकाला हे सगळं पंजाब-बंगालचं, आपल्यापासून लांबचं वाटू शकतं. म्हणून भिवंडी.

भीष्म साहनी रावळपिंडीचे. मार्च १९४७ च्या तिथल्या दंगली त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, मदतकार्य केलं. पण त्यावरची कादंबरी लगेच आली नाही. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली, साहनी आपले भाऊ बलराज यांच्याबरोबर तिथे गेले, आणि जळलेली, ओस पडलेली घरं बघताना त्यांना रावळपिंडी आठवली. त्यातून ‘तमस’ लिहिली गेली. तेवीस वर्षं दबून राहिलेली आठवण ठाणे जिल्ह्यातल्या एका यंत्रमागाच्या गावानं वर आणली. आठवण वर्षांच्या क्रमानं चालत नाही हे समीक्षक सांगतात तेव्हा मला नेहमी भिवंडी आठवते.

‘तमस’च्या शेवटाकडे निर्वासितांच्या मदत समितीचा एक बाबू आहे. लोक त्याला आपली कहाणी सांगायला येतात. त्याला फक्त आकडे हवे असतात: किती मेले, किती जखमी, किती घरं, किती नुकसान. कहाणी नको. एक माणूस येतो, त्याची बायको गावातल्या इतर बायांबरोबर विहिरीत उडी घेऊन मेलीय, आणि त्याला तिच्या हातातले सोन्याचे कडे काढून हवेत. हे प्रकरण वाचवत नाही, आणि वाचल्याशिवाय फाळणी कळत नाही असंही मला वाटतं. कराचीत जन्मलेल्या गोविंद निहलानींनी १९८८ मध्ये यावर दूरदर्शन मालिका केली, तेव्हा ती बंद पाडण्यासाठी लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. चाळीस वर्षांनीही आठवण कुणी सांगावी आणि कुणी सांगू नये यावर कोर्टात भांडण होतं, यावरूनच या साहित्याचं वजन कळावं.

आणि सीमा काही फक्त दोन देशांतच नसतात. रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’चा नायक सलीम लहानपणी सायकलवरून घसरत थेट संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात जाऊन पडतो आणि त्याच्या तोंडून निघालेल्या एका टिंगलीच्या गुजराती ओळीमुळे मराठी-गुजराती हाणामारी पेटते. मुंबई राज्याच्या विभाजनाला आपणच जबाबदार, असं तो फुशारकीनं सांगतो. हे वाचताना मराठी वाचकाला टोचतं, आणि टोचायलाच हवं. २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांच्यासाठी तो मोर्चा गमतीचा नाही. बेळगाव-निपाणीकडे तर ती रेषा अजून सुकलेली नाही, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण याच शहराची, याच दिवसांची एका श्रीमंत मुसलमान घरातल्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोराची आठवण अशी असू शकते, हेही खरं. सलीमनं गांधीजींच्या हत्येची तारीखसुद्धा चुकीची दिली आहे. चूक लक्षात आल्यावरही तो ती दुरुस्त करत नाही, माझ्या भारतात ते असेच चुकीच्या वेळी मरत राहतील, असं म्हणतो. आठवणीला साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर तिची उलटतपासणी घ्यावी लागते, हे लेखक आपल्याला उघड सांगतो.

इथे माझी या सगळ्या समीक्षेबद्दल एक तक्रार आहे. वसाहतोत्तर समीक्षा प्रत्येक सीमेचा माग काढत शेवटी इंग्रजांपाशी पोहोचते. आपल्याकडची सगळ्यात जुनी सीमा रॅडक्लिफनं आखलेली नाही. तिला गावकूस म्हणतात. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतला तरुण स्वतंत्र भारताच्या रेल्वेत नोकरीला लागतो. परप्रांतात जातो, कविता लिहितो, नव्या भारताचं स्वप्न बघतो. पण जात सांगितली तर राहायला खोली मिळत नाही. म्हणून तो ती लपवतो, आणि उघड झाल्यावर मार खातो. त्याच्या खिशात सरकारी नेमणुकीचा कागद आहे, राज्यघटना त्याच्या बाजूनं आहे, कुठेही काटेरी तार नाही, तरी सीमा प्रत्येक दारात उभी आहे. बिशन सिंगला विसरता येत नाही ते त्याचं गाव. बागुलांच्या नायकाला गाव विसरायचंय, आणि गावच त्याला विसरू देत नाही. आठवण म्हटलं की हळवं व्हायची सवय असलेल्या वाचकानं ही कथा आधी वाचावी.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, ‘टोबा टेक सिंग’ आणि बागुलांची कथा एकाच दिवशी, एकापाठोपाठ वाचा. दोन्ही मिळून संध्याकाळभराचं वाचन आहे. मग ‘लाजवंती’. ‘तमस’ हिंदीत जमलं तर हिंदीतच वाचा, भाषा सोपी आहे. ‘द शॅडो लाइन्स’ला घाई करू नका. पहिली पन्नास-साठ पानं कोण कुणाचा कोण हे लावण्यातच जातात, कारण काळ सारखा मागेपुढे होतो. पाहिजे तर कागदावर वंशावळ काढून ठेवा. ढाक्याच्या वाड्याची वाटणी येईपर्यंत धीर धरा, पुढचं पुस्तक स्वतःच वाचून घेतं.